निहालसिंगची तार

“आधी पार वर न्यावा लागतो, साहेब,” निहालसिंग दोरी सोडवत म्हणाला. “टोकाला टेकवायचा आन मग अर्ध्यावर आणायचा. खालूनच अर्ध्यावर नेऊन ठेवला तर तो दुखवट्याचा होत नाई. नुसता अडकलेला झेंडा.”

जहाजाच्या पाठीमागच्या टोकाला आम्ही दोघेच उभे होतो. जुना विरलेला झेंडा त्याने उतरवून ठेवला होता आणि कपाटातला कोरा लावला होता; कॅप्टनसाहेबांचा तसा हुकूम होता. लाल कापड, कोपऱ्यात तिरंगा. व्यापारी जहाजांचा झेंडा असाच असतो. तो सरसर वर गेला, टोकाला क्षणभर टेकला आणि मग निहालसिंगने त्याला हळूहळू, एखाद्या आजारी माणसाला खाली आणावं तसा, अर्ध्यावर आणला.

मी सॅल्यूट ठोकला. रेडिओ ऑफिसरने सॅल्यूट ठोकावा असा काही नियम नव्हता. पण मी सव्वीस वर्षांचा होतो, डोळे भरून आले होते, आणि देशासाठी काहीतरी करावं असं अंगात दाटून आलं होतं. देश पाच हजार मैलांवर आणि हातात करण्यासारखं काही नाही, मग माणूस सॅल्यूट ठोकतो.

तो दिवस ३१ ऑक्टोबर १९८४. आमचं जहाज मोरोक्कोत कासाब्लांका बंदराच्या हद्दीबाहेर नांगरून पडलं होतं. फॉस्फेट भरायला आलो होतो आणि धक्का मोकळा नव्हता. लांब किनाऱ्यावर पांढरी घरं दिसायची. आम्ही पत्ते खेळायचो, गळ टाकून मासे धरायचो आणि एकमेकांना कंटाळायचो. त्या दुपारी माझ्या हेडफोनात बातमी आली की पंतप्रधानांना त्यांच्याच रक्षकांनी गोळ्या घालून ठार मारलं.

जहाजावर बातमी आणणारा मी एकटाच. रेडिओ ऐकायचा, ऐकलेलं टाइप करायचं आणि तो कागद एक अधिकाऱ्यांच्या जेवणघरात, एक खलाशांच्या जेवणघरात लावायचा, हे माझं रोजचं काम. खलाशी मला ‘मार्कोनी साहेब’ म्हणत. त्या दिवशी आपल्या रेडिओने रक्षक कोण हे सांगितलं नव्हतं, परदेशी केंद्राने सांगितलं. मी ते टाइप केलं. ‘दोघे रक्षक शीख होते.’ मोठ्या अक्षरांत.

कागद लावून वळलो तर मागे सारंग उभा. दाऊद मिरकर, रत्नागिरीकडचा, सगळ्या खलाशांचा मुकादम.

“साहेब, तो शबुद कशाला घातलात?” तो हळूच म्हणाला. “एकच तर माणूस हाय आमच्यात.”

“बातमी आहे ती, सारंग. बातमीत फेरफार करता येत नाही.”

“बरा,” तो म्हणाला आणि चहाचा मग घेऊन गेला.

तो एक माणूस म्हणजे निहालसिंग, आमचा सुकाणी. जहाजाचं चाक धरणारा. पंचेचाळिशीचा, रुंद, कमी बोलणारा. नांदेडचा. त्याच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गोदावरीकाठी गेलेल्या, त्यामुळे मराठी त्याच्या तोंडात अशी की आमच्या वेंगुर्ल्याच्या माणसाने ऐकत राहावी. जहाजावर मी नवा होतो तेव्हा पोटातलं सगळं समुद्राला देऊन निपचित पडलेलो असताना याच माणसाने मला आल्याचा तुकडा चघळायला दिला होता आणि “घर आठवू नका, साहेब, मग थांबतं” असं बजावलं होतं. त्याचा धाकटा भाऊ करतार सुतार होता. नांदेडात काम पुरेना म्हणून निहालसिंगनेच त्याला सहा वर्षांपूर्वी बळेबळे दिल्लीला धाडलं होतं. पूर्व दिल्लीत बायको सतवंत, एक मुलगा आणि दोन मुली घेऊन तो राहायचा.

दोनच्या सुमाराला निहालसिंग माझ्या रेडिओच्या खोलीच्या दाराशी आला. हातात वहीचं पान होतं.

“तार पाठवायची होती, साहेब. दिल्लीला. भावाला.”

मी तारेचा छापील कागद पुढे केला. त्याने वहीतलं बघून शाळकरी अक्षरात मजकूर उतरवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. करतार, घर सोड. सगळ्यांना घेऊन आजच्या आज नांदेडला नीघ. त्याखाली आणखी एक ओळ होती. ती मी वाचली आणि मला बरं वाटलं नाही.

“हे काय लिहिलंत?”

“निघायला सांगायलोय.”

“पण का?”

“तुमीच तर कागदावर लिवलं, साहेब. शीख होते म्हणून.”

“दोन माणसं होती ती. दोन माणसांपायी तुमच्या भावाच्या दारात कोण येणार आहे?”

“येतील.”

“अहो, पण कोण?”

“लोक,” तो म्हणाला.

मला राग आला. आज आठवलं की लाज वाटते, पण आला हे खरं. सबंध देश एका घरासारखा रडत असणार, असं चित्र मी बातमी ऐकल्यापासून मनाशी रंगवलं होतं. त्या चित्रात मी स्वतःही होतो, परक्या समुद्रावर एकटा अश्रू ढाळणारा. आणि हा माणूस त्यावर शाई सांडायला आला होता.

“निहालसिंग, आपला देश असा नाही,” मी म्हणालो. “आजच्या दिवशी आपणच परक्या समुद्रातून कळवायचं, की आपल्याच शेजाऱ्यांपासून पळा? तिकडे मुंबईत तार उतरवून घेणारा काय म्हणेल? अशानेच घबराट पसरते. मी असा मजकूर पाठवणार नाही.”

खरं तर पाठवणं माझं काम होतं. मजकूर माणसाचा, रेडिओवाला फक्त हात. हे मला शिकवलं होतं आणि मी त्यावर परीक्षाही दिली होती.

तो म्हणाला, “तुमी शिकलेले. रेडिओ तुमच्या कानाला. तुमाला काय वाटतं ते सांगा.”

“मी लिहून देतो,” मी म्हणालो. लाल पेन्सिल घेतली, त्याच्या ओळींवर काट मारली आणि पेनाने वर लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचूनही दाखवलं, कारण मला ते आवडलं होतं: “सर्व नियंत्रणात आहे. काळजी नको. घरातच थांबा. निहाल.”

त्याने कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला.

“हे ठीक राहील, साहेब?”

“अगदी.”

“तुमी म्हणता तर ठीकच असेल.” त्याने खाली सही केली. सही करताना त्याचा हात जरा थांबला, एवढंच.

दहा मिनिटांत मुंबई लागली. मी तार पाठवली, तिकडून पोच आली. पलीकडचा अनोळखी ऑपरेटर शेवटी म्हणाला, वाईट दिवस, भाऊ. मीही म्हटलं, वाईट दिवस. त्या दिवशी पहिल्यांदा मला आपण देशाच्या उपयोगी पडलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर दोन देश ऐकू येऊ लागले. आपल्या बातम्यांत शोकगीतं, रांगा लावून अंत्यदर्शन घेणारी माणसं, आणि मध्येच एक वाक्य: काही तुरळक घटना घडल्या, परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात आहे. परदेशी केंद्रावर धूर. आगगाड्यांतून उतरवलेली प्रेतं. पूर्व दिल्लीत घराघरांतून बाहेर ओढलेली माणसं.

मी पहिलं टाइप केलं. दुसरं केलं नाही.

का, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी पुष्कळ वर्षं स्वतःला वेगवेगळी कारणं सांगत आलो. मी घाबरून ते केलं नाही. मला वाटलं, आपल्या घरात मयत झालेलं असताना या परक्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या आहेत. आपली अब्रू चव्हाट्यावर मांडायला त्यांना निमित्तच हवं असतं. मी त्यांचा पोस्टमन होणार नाही. आदल्या दिवशी ‘शीख’ हा शब्द याच केंद्रावरून उचलून मी मोठ्या अक्षरांत टाइप केला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

“बाहेरचे काय म्हणतात?” जेवताना कॅप्टन टिपणीसांनी विचारलं.

“नेहमीचंच, सर. तिखटमीठ लावून.”

निहालसिंग रोज सकाळी आठला झेंडा चढवायचा, आधी टोकाला आणि मग अर्ध्यावर. संध्याकाळी सूर्य बुडताना उतरवायचा, तेव्हाही आधी टोकाला नेऊन मग खाली. त्यात एकदाही त्याने घाई केली नाही. दहा वाजता तो माझ्यासाठी चहा घेऊन यायचा. ते काही त्याचं काम नव्हतं.

“जवाब?”

“अजून नाही. सगळ्या तारा तुंबल्या आहेत म्हणे.”

“हां. एवढा मोठा दुखवटा, तुंबणारच.”

तीन तारखेला परदेशी केंद्रावरचा वार्ताहर एका वस्तीचं नाव घेऊन बोलायला लागला. वस्ती यमुनेपलीकडची होती. निहालसिंगच्या तारेच्या पत्त्यात ते नाव मीच पाठवलं होतं. वार्ताहर म्हणाला, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मग त्याचा आवाज बसला, आणि रेडिओवर कधी ऐकू येत नाही ते ऐकू आलं, नुसती शांतता. मी बटण फिरवून बंद केलं. त्या दिवशीच्या कागदावर मी तांदळाचे भाव आणि क्रिकेट टाइप केलं.

सहा तारखेला दुपारी मुंबईने आमच्या जहाजाचं नाव पुकारलं. एक तार आहे.

मोर्समध्ये अक्षर अक्षर येतं. पुढचं अक्षर काय, शब्द काय होणार, ते माहीत नसतं. कान ऐकतो आणि हात लिहीत जातो. अर्थ मागाहून येतो. आधी ‘भावजी’ झालं. मग ‘तुमची तार मिळाली’ झालं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकलो. हात लिहीतच होता.

भावजी, तुमची तार मिळाली. घरातच थांबलो. एक तारखेला हे आणि मुलगा दोघे गेले. मी व मुली छावणीत. सतवंत.

पलीकडचा पोचेसाठी थांबला होता. मिळालं, असं कळवायला एक अक्षर पुरतं. मी ते दिलं.

कॅप्टनसाहेबांनी तार दोनदा वाचली, चष्मा काढला, परत घातला.

“हे ‘तुमची तार मिळाली, घरातच थांबलो’ म्हणजे काय?”

“त्यांनी तशी तार केली होती, सर.”

त्यांनी, असं मी म्हणालो. शब्द तोंडातून किती सहज गेला.

“हे राम.” ते उठून खिडकीशी गेले. “आत्ता नको सांगायला. उघड्या समुद्रावर नांगरलोय आपण. माणसाने कठड्यावरून उडी घेतली तर काय करणार? धक्क्याला लागू, विमानाचं तिकीट हातात ठेवू, मग सांगू. तोवर तू आणि मी. तिसऱ्या कानाला कळता कामा नये.”

हुकूम शहाणपणाचा होता. पण तो ऐकून मला जे वाटलं त्याला शहाणपणाशी काही देणंघेणं नव्हतं. मी सुटलो, असं वाटलं.

पाच दिवस. दहा वाजता चहा, आणि “जवाब?”

“नाही.”

चौथ्या दिवशी तो गेला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

“साहेब, जवाब नाही म्हणजे चांगलंच नव्हं? वाईट असतं तर लगेच कळवलं असतं. आपल्याकडं वाईट बातमी थांबत नाई.”

“हो,” मी म्हणालो.

“करतार आळशी हाय लिवायला. पयल्यापासून.” तो हसला. आठवडाभरात पहिल्यांदाच हसला असेल.

अकरा तारखेला दुपारी धक्का मिळाला. जहाज धक्क्याला बांधून झालं, तेव्हा कॅप्टनसाहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. तार मी द्यावी, असं ठरलं होतं. मी ती दिली. तो ओठ हलवत वाचत गेला आणि एका जागी ओठ थांबले. कॅप्टनसाहेब काहीतरी बोलत होते, विमानाचं, एजंटचं, उद्या संध्याकाळचं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“ही कधी आली?”

“सहा तारखेला,” कॅप्टनसाहेब म्हणाले. “तुमच्या काळजीपोटीच आम्ही—”

“पाच दिवस मी त्यांच्या खुशालीची अरदास करत होतो,” निहालसिंग म्हणाला. “दोघांच्याही.”

तारेची घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली, माझ्याकडे न बघता बाहेर गेला आणि दोरखंड आवरायला लागला, कारण त्याची पाळी होती.

सरकारी दुखवटा त्याच सूर्यास्ताला संपला. तसा संदेश मीच उतरवून घेतला होता: उद्यापासून झेंडा पूर्ण उंचीवर. सकाळी साडेआठला कॅप्टनसाहेबांनी मला गाठलं.

“मागे बघून ये. झेंडा अर्ध्यावर आहे. पलीकडच्या धक्क्यावर दोन भारतीय जहाजं आहेत, त्यांचे टोकाला. बंदराच्या ऑफिसातून विचारणा झाली, तुमच्या जहाजावर कोण वारलं. तुझ्याशी मोकळेपणाने बोलतो तो. जाऊन सांग.”

निहालसिंग काठीजवळ उभा होता. आंघोळ केलेली, पगडी नीट बांधलेली. दोरीचं टोक हातातच होतं.

“निहालसिंग, दुखवटा संपला काल.”

“कुणाचा?”

मी वर झेंड्याकडे पाहिलं.

“माझा आज पयला दिवस हाय, साहेब.”

“मला कळतं. पण हा देशाचा झेंडा आहे. घरच्या माणसांसाठी तो—”

“करतार देशातलाच होता,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. दिल्ली भारतात आहे, असं सांगावं तसं सांगितलं. “अन पोरगंही.”

पलीकडच्या धक्क्यावर क्रेन चालू झाली होती. फॉस्फेटची पांढरी धूळ उडत होती आणि आमच्या दोघांच्या अंगावर बसत होती. मग त्याने दोरी माझ्या हातात दिली.

“तुमी न्या वर. माझ्या हातानं व्हायचं नाई.”

आणि मी नेला. नाही म्हणता आलं असतं. कॅप्टनसाहेबांना जाऊन सांगता आलं असतं, की एक दिवस राहू द्या, एका दिवसाने देशाचं काय जातं. मी दोरी ओढत राहिलो. झेंडा अर्ध्यावरून निघाला आणि टोकाला जाऊन टेकला. गाठ कशी मारायची ते मला माहीत नव्हतं. ती त्याने मारली.

“तारेचं मनाला लावून घेऊ नका, साहेब,” गाठ आवळताना तो म्हणाला. “तुमी चांगल्यासाठीच सांगितलं. भाऊ माझा. सही माझी.”

या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. शब्द माझे होते, एवढे तीन शब्द. शिवाय परदेशी केंद्राचं सांगायला हवं होतं, तीन तारखेचं. मी फक्त मान हलवली, आणि ती त्याने होकार म्हणून घेतली.

संध्याकाळी तो गेला. दाऊदने त्याची पेटी शिडीवरून खाली नेली. सगळे खलाशी कठड्याला उभे होते; मी माझ्या खोलीत होतो. निहालसिंग परत समुद्रावर आला नाही, असं पुढे कुणाकडून तरी ऐकलं. नांदेड काही चंद्रावर नाही. मी एकदा परभणीपर्यंत गेलो आणि तिथून परतलो.

आता मी वेंगुर्ल्यात असतो. पंधरा ऑगस्टला हायस्कूलवाले झेंडा चढवायला मलाच बोलावतात, बोटीवरचे साहेब म्हणून. मी जातो. झेंडा वर गेला की माझे डोळे अजून भरतात, आणि मुलांना वाटतं, आजोबांचं देशावर केवढं प्रेम आहे. आहेच. तीच तर अडचण आहे. ते गेलं असतं तर मी केव्हाच सुटलो असतो. त्यानंतर देशात कितीदा तरी, कुठे कुठे आग लागली, आणि दर वेळी कुणीतरी गंभीर आवाजात सांगितलं की परिस्थिती नियंत्रणात आहे. ते वाक्य कानावर पडलं की मी टीव्ही बंद करतो आणि बसून राहतो. कुठल्या तरी गल्लीत कोणीतरी ते ऐकून घरातच थांबलेलं असणार.

तारांचे मूळ कागद प्रवास संपला की कंपनीला द्यायचे असतात. मी सगळे दिले, एक सोडून. त्यावर वर माझं अक्षर आहे, खाली निहालसिंगची सही, आणि मध्ये लाल पेन्सिलीने खोडलेल्या त्याच्या ओळी. लाल रंग चाळीस वर्षांत उडून गेलाय. शाई मात्र चांगली होती, त्यामुळे तिसरी ओळसुद्धा आता स्वच्छ वाचता येते. रोज अरदास करणाऱ्या, उभ्या जन्मात केसाला कात्री न लावलेल्या माणसाने ती आपल्या धाकट्या भावाला लिहिली होती.

वाटेत कुणी अडवलं तर केस काप. जीव राहू दे.